सारवलेल्या फ्लॉप्या

लोक मला मेकॅनिक म्हणायचे आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. वर्ध्यातल्या एका दुकानात मी नोकरीला होतो. मालक आधी टाइपरायटर विकायचे, मग कॅल्क्युलेटर आणि मग एकदम कंप्युटरच विकायला लागले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, बोरगाव मेघेत खोली घेऊन राहायचो. बॅगेत तीन स्क्रू-ड्रायव्हर, एक ब्रश, एक टेस्टर आणि स्पिरिटची बाटली. एवढ्यावर जिल्हाभरातले कंप्युटर सांभाळायचे. जिल्हाभरातले म्हणजे तरी किती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण त्यातला एकही मला सुखानं जेवू द्यायचा नाही. एसटीतून उतरलो की पानठेलेवाला विचारायचा, काय मेकॅनिक, आज कोणाची मशीन बसली? जसा काही मी विहिरीतली मोटार काढायला आलोय.

खरं दुखणं वेगळंच होतं. मला सगळं येत नव्हतं. पुस्तकं इंग्रजीत, कंपनीचा माणूस नागपुरात, आणि नागपूरला फोन लावायचा तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसायचं. प्रत्येक डबा उघडताना वाटायचं, की आज उघडं पडतो बावा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी मूठ झाकून हिंडायचो. चिडक्या माणसाला लोक फार प्रश्न विचारत नाहीत हे मला लवकर समजलं, म्हणून मी चिडका झालो. पुढं ती सवयच लागली.

समुद्रपूरला एक संस्था होती, खेड्यापाड्यांत आरोग्याचं काम करायची. तिला कोणीतरी एक कंप्युटर देणगी दिला होता. त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीच्या दोन खिडक्या, एकीत प्रोग्रामची फ्लॉपी घालायची, दुसरीत माहितीची. मशीन बंद केलं की जे काही असेल ते फ्लॉपीवर. संस्थेचे सचिव वर्ध्याला राहायचे, त्यांना सगळे सर म्हणत. मशीन चालवायला त्यांनी एक बाई ठेवली होती. तिशीतली, नवऱ्यानं टाकलेली, लेकीला घेऊन माहेरी राहणारी. टायपिंगची परीक्षा पास. तिला नेमणुकीची ऑर्डर तीन-तीन महिन्यांची मिळायची, आणि दर तिसऱ्या महिन्याला ती आठ दिवस जेवायची नाही असं शिपाई सांगायचा. मी तिला ताई म्हणायचो, ती मला भाऊ.

ताईला मीच शिकवलं. कोरी फ्लॉपी तशीच वापरता येत नाही, आधी ती फॉरमॅट करावी लागते, हे मी तिला सांगत होतो आणि तिच्या काही ते डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी मी वैतागून म्हणालो, ताई, नवीन फ्लॉपी म्हणजे न सारवलेलं अंगण. त्याच्यावर रांगोळी निघते का? नाही ना? मग आधी सारवायचं. फॉरमॅट म्हणजे सारवण. ती एकदम हसली आणि तिनं वहीत तसंच लिहून घेतलं. मला माझं फार कौतुक वाटलं. घरी येताना एसटीत मी स्वतःशीच हसत होतो, की काय मास्तर आहे मी.

त्या हिवाळ्यात संस्थेचं मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर ठरलं. नागपूरहून डॉक्टर येणार, शाळेच्या वर्गांत खाटा टाकणार. आदल्या वर्षी असं झालं की खाटांपेक्षा म्हातारी माणसं जास्त आली, भांडणं झाली, काही लोक रडत परत गेले. म्हणून या वर्षी सरांनी नियम केला. एक डॉक्टर आधी गावोगाव जाऊन तपासेल, ज्याचा मोती पिकला त्याचंच नाव यादीत, आणि यादीत नाव असेल त्यालाच आत घ्यायचं. अकरा गावं होती. डॉक्टरला त्या गावांतून फिरवलं संस्थेच्या आरोग्यसेवकानं. पन्नाशीचा माणूस, गिरडकडच्या रानकाठच्या गावातला, गोंड. घरी गोंडी बोलायचा, आमच्याशी वऱ्हाडी. सही करण्यापुरतं लिहायचा. त्याला सगळे मामा म्हणत. फॉर्म डॉक्टरनं भरले, मामानं पिशवीत घालून आणले, ताईनं महिनाभर बसून फ्लॉप्यांवर चढवले. नाव, गाव, वय, कोणता डोळा. माझ्या शिकवणीप्रमाणं प्रत्येक फ्लॉपीची दुसरी नक्कलही करून ठेवली. मग सरांनी हुकूम सोडला की आता कंप्युटर आहे, कागदाचा कचरा काहाले पाहिजे, आणि फॉर्म रद्दीत गेले. छापील प्रत निघाली नव्हती, कारण प्रिंटरची रिबिन संपली होती. ती रिबिन मी आणून देणार होतो. तीन आठवडे मी आज देतो उद्या देतो करत होतो.

शिबिर मंगळवारी, गावागावांतून म्हाताऱ्यांना आणायला ट्रक सोमवारी निघणार. शनिवारी सकाळी दुकानात समुद्रपूरहून फोन आला. ताई होती. आवाज इतका बारीक की मला वाटलं लाईनच खराब आहे. ती म्हणाली, भाऊ, फ्लॉपीत काई दिसून नाई राह्यलं. मी चिडून विचारलं, कोणत्या फ्लॉपीत? ती म्हणाली, सगळ्या.

मालकाला काहीबाही सांगून मी रिबिन बॅगेत टाकली आणि हिंगणघाटची गाडी पकडली. तिथून दुसरी. खिडकीतून दोन्ही बाजूंना वावरात कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या आणि मी मनातल्या मनात फ्लॉपीच्या सगळ्या दुखण्यांची उजळणी करत होतो. फ्लॉपीच्या खिडकीतलं वाचणारं हेड मळलं असेल. ड्राइव्हचा पट्टा सैल झाला असेल. बाजूच्या चुंबकानं काही झालं असेल. यातलं काहीही निघो, देवा, मी स्पिरिटनं पुसतो, ब्रश मारतो, काहीही करतो, पण यातलंच काहीतरी निघो. जाम गावच्या चौकात गाडी थांबली तेव्हा चहाची तल्लफ आली होती, पण मी उतरलो नाही.

हेड पुसलं. दुसऱ्या खिडकीत घालून पाहिलं. एकेक फ्लॉपी घालायची आणि आत काय आहे ते विचारायचं, तर मशीन सांगायचं की फ्लॉपी ठणठणीत आहे आणि पूर्ण रिकामी आहे. ठणठणीत! माझ्या तोंडचं पाणी पळालं. खराब फ्लॉपीतून थोडंफार तरी ओरबाडून काढता येतं, रिकामीतून काय काढणार? मी ताईला विचारलं, काल काय काय केलं, सगळं सांगा, पहिल्यापासून.

काल सरांचा वर्ध्याहून फोन आला होता. नागपूरच्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं, त्यात यादी कशी पाहिजे त्याचे रकाने आखून दिले होते. म्हणून सर म्हणाले, सोमवारच्या आत सगळ्या फ्लॉप्या फॉरमॅटमध्ये करून ठेवा. आता कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला फॉरमॅट म्हणजे काय? रकाने आखलेला तक्ता. माहिती विहित फॉरमॅटमध्ये पाठवा, असं वरून पत्र येतं ते. पण ताईनं हा शब्द आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकला होता, माझ्या तोंडून. तिनं वही उघडली. मी लिहून दिल्याप्रमाणं आज्ञा दिली. एक फ्लॉपी झाली की मशीन विचारायचं, आणखी एक करायची का, वाय की एन. ती वाय दाबायची. पुढची घालायची. नकलासुद्धा. सरांनी सगळ्या म्हटलं होतं.

"मले वाटलं सारवून साफ करा म्हनते सर, डॉक्टर लोक येनार म्हनून," ती म्हणाली. "सारवल्यानं रांगोई जाते, हे मले कसं समजलं नाई भाऊ? रोज सारवतो मी."

माझ्या रागाचं काय झालं कोणास ठाऊक, तो आलाच नाही. एवढं डोकं लढवून मी उदाहरण दिलं होतं आणि त्याचं दुसरं अर्धं सांगायला विसरलो होतो. तिनं ते अर्धं विचारलं नाही, कारण मी चिडका होतो. मी खुर्चीत बसलो.

माझ्याजवळ नागपूरहून आणलेली एक फ्लॉपी होती, पुसलेलं परत आणायची. घालून पाहिली. पुसलेलं परत आणता येतं, पण फ्लॉपी फॉरमॅट करताना तिच्यावर पुन्हा नवीन लिहिलं जातं, खालचं काही उरत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी दीड तास मी बटणं दाबत बसलो. सरांना फोन करावा का, हे मी ताईला विचारलं. ती म्हणाली, करा. मग म्हणाली, ह्या महिन्यात माही ऑर्डर संपून राह्यली. आणि पदर तोंडाला लावून खिडकीकडे पाहत बसली. मी फोन केला नाही. तिच्यासाठी केला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण सरांनी पहिला प्रश्न मलाच केला असता, की रिबिन कुठाय, छापील प्रत का नाही. दुकानाच्या मालकापर्यंत ते गेलं असतं. माझंही धाबं दणाणलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मामा आला. सोमवारचे ट्रक ठरवून आला होता. त्याला सगळं सांगितलं. तो उकिडवा बसून ऐकत राहिला. लोकांना तर माहीत होतं की आपल्याला नेणार आहेत, पण ट्रक दिसला की न निवडलेलेही चढणार, आणि कोण निवडलेलं, कोण नाही हे आता फक्त एका माणसाला माहीत होतं. तपासणीच्या वेळी प्रत्येकाजवळ तो उभा होता. मी म्हटलं, मामा, आठवते का? तो म्हणाला, पाह्यतो.

ताई मशीनसमोर बसली, मामाला मी खुर्ची दिली. मी पहिल्या गावाचं नाव घेतलं. त्यानं चार नावं सांगितली, पाचव्याला अडला. दुसऱ्या गावाची तीन. कपाळावर घाम. मी मनात म्हटलं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. झालं, संपलं, आता सरांना फोन. मामा उठला आणि म्हणाला, भाऊ, बसून नाई जमत. मी चालत गेलतो.

तो वऱ्हांड्यात गेला, काठी घेतली, आणि चालायला लागला. "घरून निघालो. नाला उतरलो. पयलं घर बोरीच्या झाडाचं." आणि त्या घरातल्या म्हाताऱ्याचं नाव. दहा पावलं जाऊन वळला. "तठून वर चढलो. दोन घरं सोडून कवेलूचं घर." म्हातारीचं नाव, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव, वय अंदाजे. मी दारात उभा राहून ताईला ओरडून सांगू लागलो, ताई टाइप करू लागली. मामाला मध्ये थांबवलं की तुटायचं, परत गावाच्या तोंडाशी जाऊन सुरुवात करायचा. म्हणून त्याला थांबवायचं नाही असं ठरलं. चुकलं तर चुकलं, पुढं चला.

डोळा कोणता, हे कसं आठवणार? मी विचारलं. तर तो म्हणाला, ज्या डोयानं दिसत नाई त्या बाजूनं हात धरा लागते ना. आणि प्रत्येक नावाला तो आपला एक हात किंचित उचलायचा, जसं कोणी धरलेलंच आहे. त्याचा उजवा हात वर आला म्हणजे म्हाताऱ्याचा डावा डोळा. हे उलटं करता करता माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. एक चुकलं तर चांगला डोळा कापतील, या भीतीनं मी प्रत्येक वेळी स्वतः मामाच्या बाजूला उभा राहून हात धरून पाहायचो. (पुढं डॉक्टरांना सहज विचारलं तर ते हसले. म्हणाले, अहो, आम्ही काय यादी पाहून डोळा कापतो? समोरच्याचा डोळा पाहूनच कापतो की. पण ते मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.)

सगळ्यात मोठी धास्ती लाईनची. आमच्याकडं वीज म्हणजे लाईन, आणि ती कधी जाईल याचा भरवसा नाही. दर पाच नावांनंतर फ्लॉपीवर चढवायचं असं मी बजावलं होतं. रविवारी दुपारी सातव्या-आठव्या गावात मामा असा रंगात आला की आम्ही विसरलो, आणि लाईन गेली. पडदा काळा. अख्ख्या मोहल्ल्याची नावं गेली. ताईनं कपाळावर हात मारला. मामा आत डोकावला, त्याला समजलं, तो म्हणाला, काई नाई, पुन्हा जातो. आणि लाईन येईपर्यंत तो वऱ्हांड्याच्या पायरीवर पाय दाबत बसला. त्याचे पाय सुजले होते.

त्याच दुपारी सरांची जीप आली. सर उतरले तर मामा वऱ्हांड्यात काठी टेकत येरझारा घालतोय आणि एकेका म्हाताऱ्याचं नाव घेतोय. सर म्हणाले, हे काय चालू आहे? ताई बाहेर आली. तिच्या तोंडावर एक रेघ हलली नाही.

"मामा नावं पाठ करून राह्यले सर. उद्या ट्रकवर पुकारा लागते ना."

सर खूश झाले. मामाच्या पाठीवर थाप मारली. मग ताईकडे वळून विचारलं, "आणि फॉरमॅट झालं?"

"हाव सर," ती म्हणाली. "सगळ्या झाल्या."

सर गेल्यावर ती आत येऊन हसायला लागली, आणि हसता हसता इतकी रडली की मला काय करावं समजेना. मी पाणी आणून दिलं. मामा बाहेरून ओरडला, बाई, चाला, मी वडाजवळ थांबलो हाव.

संध्याकाळच्या आत अकरावं गाव संपलं. मी मशीनला विचारलं, किती नावं? दोनशे बारा. ताईचा चेहरा उतरला. पहिल्यांदा यादी पूर्ण झाली तेव्हा तिनं सरांना आकडा सांगितला होता, तो तिला पक्का आठवत होता. दोनशे तेरा. एक कमी.

ताईला नावं आठवत नव्हती, महिनाभर तिनं फक्त अक्षरं बडवली होती. मामा डोळे मिटून बसला. मग म्हणाला, भाऊ, अजून एकदा चालून पाह्यतो. सारं. त्याला परत अकरा गावं चालायची होती आणि त्याची शेवटची गाडी अर्ध्या तासावर होती. प्रिंटर चालू करायचा होता, रिबिन बसवायची होती, सर सही करायला येणार होते. मी दोन दिवस धड जेवलो नव्हतो. मी खेकसलो. ताई, तुमच्या आठवणीचं काय घेऊन बसलात, कोणाचं नाव दोनदा पडलं असेल तेव्हा. बारा म्हणजे बारा. जा मामा तुम्ही, गाडी चुकेल.

मामा गेला. प्रिंटर करकर करत यादी ओकू लागला, डॉक्टरांच्या रकान्यांप्रमाणं. सरांनी पानापानावर सही केली, शिक्का मारला, आणि यादी कुलपात घातली. त्या रात्री मी संस्थेतच झोपलो, खरोखर मेल्यासारखा.

सोमवारी दुपारपर्यंत शाळेच्या पटांगणात ट्रक येत गेले. सर टेबल टाकून बसले होते. नाव पुकारायचे, मामा त्या माणसाला हाताला धरून आणायचा, सर खूण करायचे, आत. मी बाजूला उभा राहून प्रत्येक खुणेला मनात हुश्श करत होतो. कोणीच चुकीचं निघालं नाही. न निवडलेले दहा-बारा आले होते तेही मामानं ओळखून समजावून परत पाठवले. शेवटचं नाव झालं. सरांनी यादी मिटली आणि डॉक्टरांसाठी आत पाठवली.

पटांगणात कडुनिंबाखाली एक म्हातारी बसून होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत, हातावर गोंदण, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. दोन्ही डोळे पांढरे. आवाज येईल तिकडं मान वळवत होती. मी मामाला म्हटलं, ही एक राहिली, हिला कोणी समजावलं नाही का?

"माही माय हाय," मामा म्हणाला.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. डॉक्टरनं तपासणीची सुरुवातच मामाच्या घरातून केली होती. यादीतलं पहिलं नाव तिचं होतं. आणि मामानं दोन दिवस जी चाल आठवली ती 'घरून निघालो' इथून. घरात काही तो चालत गेला नव्हता.

शनिवारची रात्र मामा संस्थेतच राहिला होता. रविवारी रात्री घरी गेला तेव्हा माय गाठोडं बांधूनच बसली होती, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तिला घरी राहा म्हणणं त्याच्यानं झालं नाही, म्हणून ट्रकवर घेऊन आला. मी म्हटलं, मामा, मी आत्ता सरांना सांगतो. एकच नाव तर आहे. मी निघालोही. त्यानं माझं मनगट धरलं.

"सायब इचारतीन, यादीत होती तं गेली कशी? मंग त्या बाईचं काय करान?"

शाळेच्या दारात ताई उभी होती, आत आलेल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात नंबराच्या चिठ्ठ्या बांधत होती. टेबल माझ्यापासून दहा पावलांवर होतं. काहीही सांगता आलं असतं. टाइप करताना माझ्याकडून एक ओळ सुटली, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. सरांनी मला झापलं असतं, मालकाला फोन केला असता. ते मला त्या वेळी सुचलं नाही असं नाही. सुचलं. मी मामाच्या हातातून हात सोडवून घेतला नाही, एवढंच. त्यानं मला थांबवलं आणि मला बरं वाटलं.

म्हातारीनं गोंडीत काहीतरी विचारलं. मामानं गोंडीतच उत्तर दिलं. मी विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, आपला नंबर कवा येते म्हनते. पुढच्या साली, म्हनून सांगतलं. रिकाम्या ट्रकनं तो तिला घेऊन गेला आणि संध्याकाळी परत कामाला आला.

ताईला मी हे सांगितलं नाही. मामानंही नसावं. शिबिराची वर्ध्यात खूप वाहवा झाली, कंप्युटरमुळं एकही माणूस इकडचा तिकडं झाला नाही असं सरांनी भाषणात सांगितलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ताई कायम झाली. तिनं मला पेढे पाठवले. मी ते खाल्ले.

पुढच्या हिवाळ्याच्या शिबिरात मी मशीन पाहायला समुद्रपूरला गेलो होतो. तपासणीच्या खोलीतच मशीन ठेवलं होतं. मामानं मायला आणलं. डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं, दुसऱ्या डोळ्यात पाहिलं, परत पहिल्यात पाहिलं. मग बॅटरी बंद केली. मोती फार पिकून आत दाब वाढला होता, दोन्ही डोळ्यांची नस सुकली होती. आता कापून काही उपयोग नव्हता. डॉक्टर तरुण होते, त्या वर्षी नवीनच आलेले, त्यांना राग आवरला नाही. सगळ्यांसमोर ते मामाला म्हणाले, तू स्वतः आरोग्यसेवक, गावोगावच्या लोकांना घेऊन येतोस, आणि घरच्या आईकडे पाहायला तुला वेळ नाही? मागच्या वर्षी आणली असती तर दिसलं असतं तिला.

"चुकलं सायब," मामा म्हणाला.

मी त्याच खोलीत मशीनचं झाकण उघडून बसलो होतो, हातात स्क्रू-ड्रायव्हर. ताई कायम झाली होती. दुकान सोडून मी नागपूरला दुसरी नोकरी धरली होती, हे माझं शेवटचं काम होतं. खरं सांगितलं असतं तर आता कोणाचंच काही जाणार नव्हतं. मामानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी मान खाली घालून स्क्रू पिळत राहिलो.